‘बॅन’ हे मुळात बोलण्याचे क्रियापद

पणजीतील एका तरुण उपसंपादिकेने तीन प्रश्न एकत्र पाठवले आहेत. तिचा दिवस इंग्रजी बातम्या मराठीत आणण्यात जातो. इंग्रजीतले ‘बॅन’ आणि आपली ‘बंदी’ एकाच मुळातून आले आहेत काय, हा पहिला प्रश्न. तिच्या कार्यालयात सगळ्यांचे तसेच मत आहे. दुसरा प्रश्न शेक्सपिअरच्या एका ओळीचा आहे. तिच्या ओळखीचे कोणी ‘हेन्री सहावा’ या नाटकाच्या पहिल्या भागाचे भाषांतर करत आहे आणि त्या खर्ड्यात एका स्त्रीला उद्देशून ‘बंदी घालणारी म्हातारी’ असे शब्द आले आहेत. मूळ ओळीत ‘बॅन’चेच रूप आहे, तरीही वाक्य हास्यास्पद का वाटते, असे ती विचारते. तिसरा प्रश्न रोजच्या कामातला आहे: पावसाळ्यात तिने दिलेला ‘धबधब्यांवर बंदी’ हा मथळा वरिष्ठांनी कारण न सांगता खोडला, तो का?

मी अठ्ठावीस वर्षे गोव्यात न्यायालयीन कागद, सरकारी अधिसूचना आणि पंचायतींच्या नोटिसा इंग्रजीतून, आणि जुने दस्तऐवज पोर्तुगीजमधून, मराठीत आणण्याचे काम करतो. मनाई, बंदी, प्रतिबंध हे शब्द या धंद्यात मीठमिरचीसारखे रोज लागतात, त्यामुळे त्यांच्या चुकाही रोज होतात आणि त्यांतल्या काही माझ्या स्वतःच्या आहेत. तीनही प्रश्नांची उत्तरे एकाच गोष्टीत आहेत, ती अशी की ‘बॅन’ हे क्रियापद मुळात अडवण्याचे नाही, ते बोलण्याचे आहे.

आधी ‘बंदी’कडे पाहू, कारण गैरसमज तिथून सुरू होतो. ‘बंदी’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि त्याचा अर्थ बांधणे, जखडणे असा आहे. संस्कृतातील ‘बन्ध्’ हा धातू आणि फारसीतील ‘बंद’ हे सख्खे भाऊ आहेत, आणि इंग्रजीतील ‘बाइंड’, ‘बाँड’ तसेच पट्टी या अर्थाचा ‘बँड’ हे त्याच घराण्यातले आहेत. आपल्याकडे या घराण्याच्या दोन्ही शाखा एकत्र नांदतात: बांधणे, बांध, बंधन हे संस्कृताकडून आलेले, तर बंद, बंदोबस्त, नाकेबंदी, तटबंदी हे फारसीकडून. यांतल्या तटबंदीत किंवा मोर्चेबंदीत मनाईचा अर्थ मुळीच नाही, तिथे ‘बंदी’ म्हणजे निव्वळ रचना, बांधणी. दारूबंदी, जमावबंदी, संचारबंदी यांत मात्र बांधण्याचा अर्थ रोखण्याकडे सरकला. गोव्यातल्या वाचकाला हे दाखवायला शेतात नेणे पुरे. खाजन जमिनीचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध खाऱ्या पाण्याला अडवतो. तो काही बोलत नाही, कोणाला आज्ञा देत नाही, तो नुसता आडवा पडून असतो. बंदी या शब्दाच्या पोटात असा मातीचा बांध आहे.

‘बॅन’च्या पोटात मात्र माणसाचा आवाज आहे. जुन्या इंग्रजीत ‘बॅनन’ असे क्रियापद होते आणि त्याचा अर्थ बोलावणे, फर्मावणे, जाहीर करणे असा होता. राजा लढाईसाठी माणसे गोळा करी तेव्हा ती हाक म्हणजे हे क्रियापद. जुन्या जर्मनमध्ये त्याच शब्दाला शिक्षेची भीती घालून आज्ञा देणे किंवा मना करणे असा अर्थ होता. या शब्दाचे मूळ बहुतेक भाषाभ्यासक बोलणे या अर्थाच्या एका अतिप्राचीन धातूपर्यंत नेतात. ग्रीकमधील आवाज या अर्थाचा ‘फोनी’, ज्यावरून आपल्या खिशातला फोन आला, लॅटिनमधील ‘फारी’ म्हणजे बोलणे, ज्यावरून इंग्रजीतील ‘फेम’, ‘फेबल’ आणि ‘फेट’ आले, आणि आर्मेनियन भाषेतील शब्द या अर्थाचा ‘बान’, ही सगळी त्याच कुळातली मंडळी. संस्कृतात त्याचे रूप ‘भन्’ किंवा ‘भण्’. ऋग्वेदात ‘भनति’ आढळते. हाच ‘भण्’ प्राकृतात ‘भणइ’ झाला, पुढच्या णकाराचा नाद मागच्या भकारात शिरून त्याचा ‘म्ह’ झाला, आणि आज आपण घरीदारी जे क्रियापद दिवसातून शंभर वेळा वापरतो ते ‘म्हणणे’ तयार झाले. कोंकणीतले ‘म्हणप’ही तेच. तेव्हा ‘बॅन’चा मराठीतला खरा नातेवाईक शोधायचा तर तो ‘म्हणणे’ आहे, आणि ‘बंदी’ ही केवळ दिसायला सारखी अशी परकी बाई आहे.

या दोन मुळांमधला फरक संस्कृतात स्पष्ट दिसतो, इंग्रजीत बुजला आहे. इंग्रजीत दोन्ही शब्द ‘ब’नेच सुरू होतात, म्हणून कानाला भूल पडते. संस्कृतात एक ‘भण्’ आणि दुसरा ‘बन्ध्’. दुसऱ्याचाही आरंभ मुळात ‘भ’ होता, पण पुढे ‘ध’ असल्याने, दोन महाप्राण, म्हणजे ‘भ’, ‘ध’ यांसारखी हकारयुक्त व्यंजने, एका धातूत जवळजवळ नकोत या संस्कृताच्या सवयीमुळे, पहिल्याचा प्राण गेला. शब्दांच्या व्युत्पत्तीत दिसण्यावर विश्वास ठेवू नये, याचे याहून चांगले उदाहरण मला रोजच्या वापरातल्या शब्दांत सापडलेले नाही.

आता बोलण्यावरून मना करण्याचा अर्थ कसा आला? मध्ययुगीन युरोपात फ्रँक लोकांच्या राज्यात ‘बॅन’ म्हणजे राजाचा जाहीर हुकूम आणि तो हुकूम सोडण्याचा त्याचा अधिकार, दोन्ही. शार्लमेन या फ्रँक सम्राटाच्या काळी राजाचा हा ‘बॅन’ मोडणाऱ्याला ६० सॉलिडी (त्या काळचे चलन) दंड होता. म्हणजे शब्दात तीन गोष्टी गुंफल्या गेल्या होत्या: उघड बोलणे, त्या बोलण्यामागची सत्ता, आणि न ऐकल्यास शासन. हुकूम ‘करा’ असाही असे आणि ‘करू नका’ असाही असे, पण लोकांच्या लक्षात दंडाचा भाग राहतो आणि दंड बहुधा ‘करू नका’ला जोडलेला असतो. त्यात नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातील, लोकांच्या भाषेतील ‘बन्ना’ या सख्ख्या शब्दाला शाप देणे आणि मना करणे हे दोन अर्थ होते, आणि इंग्रजीवर त्या भाषेचा प्रभाव मोठा होता. त्यामुळे बाराव्या शतकापासून इंग्रजी ‘बॅन’मध्ये शापाचा अर्थ ठळक दिसतो आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस मनाईचा. आज उरलेला अर्थ हा असा सर्वांत शेवटी आलेला आहे.

जाहीर करणे, शाप देणे आणि मना करणे हे तीन अर्थ एका शब्दात कसे मावतात, असे कोणाला वाटत असेल तर त्याने आपल्याच जुन्या मराठीकडे पाहावे. ‘द्वाही फिरवणे’ हे आपण ऐतिहासिक कादंबऱ्यांत वाचतो आणि त्याचा अर्थ राजाच्या नावाने सत्ता जाहीर करणे असा घेतो. त्याच शब्दाचे जुने रूप ‘दुराही’ किंवा ‘दुराई’. जुन्या कोशांत दुराहीचा पहिला अर्थ दिला आहे तो राजाच्या नावाने घातलेली मनाई, जिच्यात ‘मोडशील तर राजाचा कोप होईल’ हा शाप अध्याहृत आहे. दवंडी, शाप आणि मनाई एकाच शब्दात! ‘बॅन’ला मराठीत अगदी जुळणारा शब्द विचाराल तर तो हाच, फक्त तो आता वापरातून गेला आहे. त्याहून जिवंत उदाहरण हवे असेल तर ‘आण’ घ्या. ‘तुला माझी आण आहे, रात्रीचा नदीपलीकडे जाऊ नकोस’ असे आजी म्हणते तेव्हा त्या वाक्यात मनाई आहे, तिच्यामागे अनिष्टाचे भय आहे, आणि ‘आण’ हा शब्द स्वतः ‘आज्ञा’ या शब्दाचा झिजलेला अवतार आहे. आजीला फ्रँक राजांची गरज नव्हती.

उलट दिशेचा प्रवास ‘निषेध’ने केला आहे. शास्त्रांत ‘विधि-निषेध’ म्हणजे काय करावे आणि काय करू नये. निषेध म्हणजे सरळ मनाई. आज मोर्चात ‘निषेध असो’ म्हणून ओरडणारा माणूस कोणाला काही मना करत नसतो, तो धिक्कार करत असतो. इंग्रजी शब्द शापाकडून मनाईकडे आला, आपला शब्द मनाईकडून धिक्काराकडे गेला. म्हणूनच जुन्या धर्मशास्त्रीय मजकुरातला ‘निषेध’ आजच्या वाचकाला तसाच देता येत नाही, तिथे ‘निषिद्ध’ किंवा ‘वर्ज्य’ असे करावे लागते.

गोव्यात ‘बॅन’चा सर्वांत जुना अर्थ अजून चालता-बोलता आहे, तो चर्चमध्ये. ख्रिस्ती विवाहापूर्वी वधूवरांची नावे रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी ओळीने तीनदा वाचली जातात, आणि कोणाला हरकत असल्यास सांगावी असे आवाहन केले जाते. लग्नाआधी अशी घोषणा व्हावी असा नियम १२१५ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेने सर्वत्र लागू केला आणि १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने ती तीन वेळा व्हावी असे ठरवले. या घोषणेला इंग्रजीत ‘बॅन्स’ म्हणतात, आणि पोर्तुगीजमध्ये ‘बान्युश’. पोर्तुगीज शिकणाऱ्यांना तिथे आणखी एक खड्डा आहे, कारण ‘बान्यु’ म्हणजे आंघोळही होते. ते दोन वेगळे शब्द आहेत, फक्त लिहायला एकच. नागरी विवाह नोंदणीतही गोव्यात हाच विचार आहे. पहिली सही, मग हरकतींसाठी नोटीस, मग दुसरी सही, हा क्रम इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

मला मात्र तो वेळेवर आठवला नाही. या धंद्यात येऊन दोन वर्षे झाली असतील. वारसाहक्काच्या एका प्रकरणात चर्चच्या विवाहनोंदीचा इंग्रजी उतारा माझ्याकडे मराठीत करण्यासाठी आला. त्यात ‘बॅन्स’ रीतसर प्रसिद्ध झाल्यावर विवाह संपन्न झाला, असे साधे वाक्य होते. मी त्याचे केले, ‘रीतसर बंदी प्रसिद्ध झाल्यानंतर विवाह संपन्न झाला.’ शब्द नेमका, व्याकरण शुद्ध, आणि अर्थ उलटा. वकिलांनी कागद वाचून चष्मा काढला आणि एवढेच विचारले, ‘बंदी घातली तरी लग्न केले म्हणता? मग वारस औरस की अनौरस?’ वारसाहक्काच्या कागदात हा प्रश्न विनोदाचा नसतो. मी तिथेच बसून ‘विवाहाची जाहीर उद्घोषणा’ असे केले, आणि त्या दिवसापासून ‘बॅन’ दिसला की आधी त्याचे वय विचारतो.

पोर्तुगीजमध्ये या कुळाची इतरही माणसे आहेत. ‘बांदु’ म्हणजे जुन्या काळी ढोल वाजवून केलेली सरकारी घोषणा, आपली दवंडीच. ‘बानिर’ म्हणजे हद्दपार करणे. ‘कोंत्राबांदु’ म्हणजे चोरटा माल, शब्दशः घोषणेच्या विरुद्ध जाणारा; इंग्रजीतील ‘कॉन्ट्राबँड’ इटालियन भाषेतून आला असला तरी घडण तीच. ‘बँडिट’ म्हणजे ज्याच्याविरुद्ध घोषणा झाली आहे असा माणूस, त्याने दरोडा घातला की नाही हा पुढचा प्रश्न. फ्रेंचमधील ‘बानाल’ म्हणजे जमीनदाराच्या हुकमाखालची, म्हणून सगळ्या गावाला सक्तीने वापरावी लागणारी गिरणी किंवा भट्टी. सगळ्यांची म्हणून सामान्य, आणि सामान्य म्हणून नीरस, असा घसरत घसरत तो इंग्रजीत कंटाळवाणा या अर्थाला पोहोचला. ‘अबँडन’ही याच घरातला आहे: दुसऱ्याच्या हुकमतीत सोडून देणे, मग नुसते सोडून देणे. जाता जाता सांगतो, गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपलीकडचे बांदा गाव यांतल्या कोणाचे नातेवाईक नाही. हा प्रश्न मला दोनदा विचारला गेला आहे.

बोलण्यातून मनाई निघते ही ‘बॅन’ची एकट्याची खोड नाही. ‘फॉरबिड’मध्ये आज्ञा देणे, कळवणे या अर्थाचे जुने क्रियापद आहे आणि त्याचे मूळ आपल्या ‘बुध्’ धातूशी, म्हणजे बोध, बुद्धी यांच्याशी जुळते. मना करणे म्हणजे मुळात नको असल्याची जाणीव करून देणे. ‘इंटरडिक्ट’मध्ये लॅटिनमधील सांगणे आहे. ‘प्रोस्क्राइब’मध्ये लिहिणे आहे, कारण रोममध्ये सुल्ला या हुकूमशहाने इसवी सनापूर्वी ८२ साली जिवे मारण्यास मोकळ्या ठरवलेल्या माणसांच्या याद्या चौकात लावल्या होत्या. या सगळ्यांत ‘प्रोहिबिट’ तेवढे निराळे, त्यात लॅटिनमधील धरून ठेवणे आहे, म्हणून अर्थाने ते आपल्या बांधाच्या जवळ जाते. इंग्रजी कायद्याच्या भाषेला हेच क्रियापद आवडते. ‘बॅन’ हा वर्तमानपत्रांचा, घोषणांचा, राजकारणाचा शब्द. अधिनियमांच्या नावांत तो क्वचित येतो. अनियंत्रित ठेव योजनांविरुद्धच्या २०१९ सालच्या केंद्रीय कायद्याच्या इंग्रजी नावात ‘बॅनिंग’ आहे, पण १९६१ सालच्या हुंड्याच्या कायद्यात ‘प्रोहिबिशन’. अनुवादकाने बातमीत ‘बॅन’ वाचला तरी मूळ आदेश मागवून पाहावा, तिथे बहुधा दुसरेच क्रियापद असते.

याचे गोव्यातले मोठे उदाहरण म्हणजे ‘खाणबंदी’. हा शब्द इथल्या मराठी वृत्तपत्रांनी रूढ केला आणि तो आता डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत घराघरांत आहे. परंतु तो निदान तीन वेगळ्या गोष्टींवर चिकटवला गेला आहे. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणकाम तात्पुरते स्थगित केले. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्खनन आणि वाहतूक थांबवण्याचा आदेश दिला, जो २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेसह उठला. आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याच न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्द केले, त्यामुळे १६ मार्च २०१८ पासून काम थांबले. पहिली स्थगिती आहे, दुसरी मनाई आहे, आणि तिसऱ्या वेळी खाणकाम या व्यवसायाला कोणी मना केलेले नव्हते, ज्या परवानगीवर तो चालला होता ती परवानगी नाहीशी झाली होती. तिन्हींचा परिणाम ट्रकमालकाच्या दारात एकच, म्हणून बोलीत एकच शब्द पुरतो आणि तो वापरणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण कागद लिहिणाऱ्याने तो वापरला तर कोणी, कोणाला, काय म्हटले हे त्या एका शब्दाखाली गाडले जाते. ‘खाणी बंद आहेत’ आणि ‘खाणींवर बंदी आहे’ यांत फरक आहे. बंद पडायला कोणी काही बोलावे लागत नाही.

हाच फरक समुद्रावरही पाहता येतो. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते. ती अधिसूचनेने सुरू होते आणि तारखेने संपते. परंतु नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावाचून होडी बाहेर काढायची नाही, ही जुनी रीत कोणी जाहीर केलेली नाही. ती सर्वांना माहीत असते. तिला इंग्रजीत ‘बॅन’ म्हणता येणार नाही, आणि मराठीत ‘बंदी’ म्हटले तर रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारा मच्छीमार, हसेल. तिथे ‘वर्ज्य’. तसेच घरात शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, असते त्या दिवशी मासळीला बंदी नसते, मासळी वर्ज्य असते. ‘बॅन’ला उच्चार लागतो आणि उच्चारणाऱ्याकडे अधिकार लागतो, हे शतकानुशतके टिकलेले मूळ आहे, वर्ज्याला दोन्ही लागत नाहीत.

इतर शब्दांचे माझे स्वतःचे वाटप सांगतो, नियम म्हणून नव्हे, सवय म्हणून. सर्वसाधारण, सगळ्यांना लागू असा सरकारी हुकूम असेल तर बंदी. विशिष्ट कृतीस किंवा विशिष्ट पक्षकारास असेल, विशेषतः न्यायालयाकडून, तर मनाई. मनाई हुकूम हा शब्द वकिलांच्या तोंडी इतका बसला आहे की त्याला हात लावू नये. दारातच कोणी अडवले तर मज्जाव. एखादी गोष्ट घडूच नये म्हणून आधीपासून केलेली तजवीज म्हणजे प्रतिबंध. रोगाचा प्रतिबंध होतो, रोगाला बंदी होत नाही. माणसालाच हद्दीबाहेर काढले तर तडीपारी. आणि समाजाने कोणाला तोडले तर बहिष्कार किंवा वाळीत टाकणे, जो जर्मन ‘बान’चा एक जुना अर्थ आहे, कारण चर्चमधून बहिष्कृत करण्यालाही तोच शब्द होता.

माणूस हे कर्म असले की मराठीत पेच येतो. दक्षिण आफ्रिकेत १९५० सालच्या साम्यवादविरोधी कायद्याखाली सरकार व्यक्तींवरच ‘बॅनिंग’चे आदेश काढत असे, १९५२ साली नेल्सन मंडेलांवर, १९७३ साली स्टीव्ह बिको यांच्यावर असे आदेश निघाले. असा माणूस तुरुंगात नसे, पण त्याने सभांना जायचे नाही, ठरलेल्या हद्दीबाहेर पडायचे नाही, आणि वर्तमानपत्रांनी त्याचे शब्द छापायचे नाहीत. एका मासिकासाठी आलेल्या अनुवादात मी ‘बंदी नेता’ असे वाचले. मराठीत बंदी म्हणजे कैदीही, त्यामुळे वाचकाने त्याला कोठडीत बसवले, आणि त्या आदेशाचा सगळा कावा, म्हणजे माणूस मोकळा ठेवून त्याचा आवाज काढून घेणे, हरवला. तिथे ‘निर्बंधित’ हा शब्द जड वाटला तरी बरा, किंवा सरळ ‘ज्यांच्या वावरावर आणि बोलण्यावर सरकारने निर्बंध घातले होते असे’ म्हणावे. बोलण्याच्या क्रियापदाने बोलणे थांबवावे याचे गोवेकराला नवल वाटू नये. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर यांनी आज्ञापत्र काढून इथल्या लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे असे फर्मावले होते. आणि १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले ते सभाबंदी मोडूनच.

आता खोडलेला मथळा. पावसाळ्यात बुडण्याच्या घटना होतात म्हणून जिल्हाधिकारी आदेश काढतात; पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. आदेशात मना केलेले असते ते धबधब्याच्या किंवा सोडून दिलेल्या चिरेखाणीच्या पाण्यात उतरणे, पोहणे. ‘धबधब्यांवर बंदी’ म्हटले की ज्यावर बंदी ती गोष्टच नको असा अर्थ होतो, जसे प्लॅस्टिकवर बंदी. धबधब्याने कोसळू नये असे कोणी जिल्हाधिकारी म्हणालेले नाहीत, आणि म्हणाले असते तरी दूधसागराने ऐकले नसते. ‘पर्यटकांवर बंदी’ हेही तसेच फसवे आहे: ‘वर’ प्रत्ययाने बंदीचा विषय सांगितला जातो, ‘ना’ किंवा ‘स’ प्रत्ययाने ज्याला मना केले तो. म्हणून ‘धबधब्यांत उतरण्यास मनाई’. पाच अक्षरे वाढतात, तेवढी स्तंभात मावतात. मात्र ज्या वरिष्ठांनी मथळा खोडला त्यांनी कारण सांगायला हवे होते.

राहिली शेक्सपिअरची ओळ. पाचव्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात यॉर्कचा सरदार फ्रान्सच्या जोनला (जोन ऑफ आर्कला) पकडतो, ती त्याला तळतळून शाप देते, आणि तो तिला ‘बॅनिंग हॅग’ म्हणून तोंड बंद ठेवायला सांगतो. म्हणजे त्या क्षणी खरी मनाई यॉर्क करतो आहे, आणि ‘बॅन’ करते आहे जोन. शंका असेल तर जोनची पुढचीच ओळ पाहावी; ती म्हणते, जरा वेळ मला शाप देण्याची मुभा असू दे. नाटककाराने अर्थ स्वतःच सांगून ठेवला आहे. खर्ड्यात ‘बंदी घालणारी म्हातारी’ काढून ‘शिव्याशाप देणारी चेटकीण’ असे करावे, आणि ‘म्हातारी’ तर नकोच, जोन तेव्हा विशीतही नव्हती.